बोर्डावरचा चौदा नंबर

"वृंदाबाई, खाली या. आत्ताच्या आत्ता. आणि पळू नका, लोक बघत्यात."

बाबालालचाचांनी दारात उभं राहून हे जे केलं, ते त्यांच्या मते कुजबुजणं होतं. खाली झाडाखाली बसलेल्या दोन पक्षकारांनी मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं. चाचा आमच्या कोर्टाचे पुकारा देणारे शिपाई. व्हरांड्यात उभं राहून प्रत्येक नाव तीनदा ओरडायचं, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं होतं. आवाज असा, की नावाचा माणूस पलीकडच्या एस.टी. स्टँडवर भजी खात असला तरी हातातलं भजं टाकून धावत यायचा. पण त्यापायी त्यांच्या घशात खालची पट्टी म्हणून काही उरलंच नव्हतं.

मी जिना उतरले. पळाले नाही, पण त्याला चालणंही म्हणता आलं नसतं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. कोर्ट कुठलं ते मी सांगणार नाही, आणि माझ्यासकट सगळ्या माणसांची नावं बदललेली आहेत. शेळीचं तेवढं खरं आहे.

मी बावीस वर्षांची होते आणि नोकरीला चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी चालणाऱ्या प्रकरणांची यादी, म्हणजे बोर्ड, टाइप करणं हे माझं काम. माझ्या आधीचे कारकून 'वगैरे' या एका शब्दाच्या जोरावर तेवीस वर्षं नोकरी करून सुखानं निवृत्त झाले होते. त्यांच्या बोर्डावर गणपत वगैरे विरुद्ध महादू वगैरे असत, आणि गावात गणपत आणि महादू बक्कळ असल्यामुळे रोज सकाळी पन्नास माणसं खिडकीशी येऊन 'यातला महादू मीच का' असं विचारत. मी पहिल्याच आठवड्यात वगैरेंचा निकाल लावला. प्रत्येकाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, वय, सगळं. महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघ. साहेब, म्हणजे आमचे न्यायाधीश, एकदा "छान" म्हणाले होते, आणि त्या एका 'छान'वर मी चार महिने तरंगत होते.

बोर्ड आदल्या संध्याकाळी टाइप व्हायचा, साहेबांची सही व्हायची आणि सकाळी चाचा तो आवारातल्या फळ्यावर लावायचे. फळ्याची काच कधीच फुटली होती. टाचण्या लावल्या तर वकिलांचे कारकून तासाभरात त्या आपल्या कागदांना लावून मोकळे होत. म्हणून चाचा रोज सकाळी आवारात चहा विकणाऱ्या हौसाक्काच्या स्टोव्हवर गव्हाच्या पिठाची खळ शिजवायचे आणि ब्रशनं कागद असा चिकटवायचे, की तो निघायचा तर फळ्याची साल घेऊनच निघायचा.

खळीमुळे फक्त एक अडचण होती, ती म्हणजे हौसाक्काची शेळी. हौसाक्का तिला चंपी म्हणायची. वकील मंडळी तिला स्थगिती म्हणत, कारण ती मधे आली की कोर्टाचं काम थांबायचं. खळीच्या वासानं ती फळ्याशी यायची, आणि चाचा काठी घेऊन तिच्या मागे लागायचे. आठ वर्षं हे चालू होतं. आमच्या कचेरीचे मुख्य कारकून, शिरस्तेदार पोतनीस, यांनी खळीत मोरचूद घालायचा हुकूमच दिला होता, म्हणजे जनावर पुन्हा तोंड लावणार नाही. चाचा "व्हय साहेब" म्हणाले होते आणि त्यांनी एकदाही घातलं नव्हतं. "मरंल की ती," एवढंच ते मला एकदा म्हणाले.

तर मी खाली आले. बोर्ड लावून झाला की त्याच्यासमोर उभं राहून सगळी नावं एकदा मोठ्यानं वाचायची, ही चाचांची रोजची तालीम. त्या दिवशी ते तेरा नंबरपर्यंत वाचत आले होते आणि चौदाव्यावर थांबले होते.

"वाचा," ते म्हणाले. "मनातल्या मनात वाचा."

चौदा नंबरला दत्तकाचा अर्ज होता. बाळ घेणाऱ्या नवरा-बायकोची नावं होती. आणि त्याखाली, जिनं ते बाळ जन्माला घातलं होतं तिचं नाव. साहेबांना तिची संमती तिच्याच तोंडून ऐकायची होती, म्हणून तिला बोलावलं होतं. तिचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, 'वय १९, अविवाहित'. खाली माझी लाल रेघ.

फाईलच्या कव्हरवर साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं मला आत्ता आठवलं: 'नावे बोर्डावर घेऊ नयेत. चेंबरमध्ये.' मी फाईल आतून अक्षर न् अक्षर वाचली होती. बाहेरून बघितलीच नव्हती.

"कुणी वाचलं का हो?"

"अजून न्हाई. वकील साडेदहाला चहाला बसत्यात, अकराशिवाय उठत न्हाईत. त्यांच्या खोलीतली परत?"

"ती प्रत माझ्या टेबलावर आहे. दिली नाही अजून."

"बरं झालं. आता सहा नंबर वाचा."

सहा नंबरला बांधाचा दावा होता. दोन भावकी, एकच गाव. गावाचं नाव वाचलं आणि पुन्हा चौदाव्या ओळीवर गेले. तेच गाव.

"दोन्ही पार्ट्या अकराच्या टेंपोनं येत्यात," चाचा म्हणाले. "भांडत्यात एकमेकाशी, पन टेंपो एकच करत्यात. चाळीस मानसं हायेत. तिचा चुलताबी हाय त्यात, समन्स मीच देऊन आलोय. आन् आल्या आल्या समदी हितंच येनार, आपला नंबर कितवा बघाया."

वर भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

"फाडूया," मी म्हणाले.

चाचा एक पाऊल मागे सरले. "सहीचा कागद हाय, बाई. मानसानं फाडला तर गुन्हा. आन् ते बघा वर."

वर खिडकीत पोतनीस बशीतून चहा पीत होते. त्यांची खिडकी नेमकी फळ्यासमोर. त्यांना सगळं सांगावं, असंही एकदा मनात आलं. पण पोतनीसांनी आधी लेखी खुलासा मागितला असता, तो आवक वहीत चढवला असता, त्यावर टिपणी ठेवली असती, आणि एका बोर्डावरचं नाव दुपारपर्यंत चार वह्यांत गेलं असतं. साहेब काल रात्री जिल्ह्याला मीटिंगसाठी गेले होते आणि गाडीत होते. अकराला पोचणार होते, म्हणजे टेंपोबरोबरच.

"शाईनं खोडलं तर?"

"खोडल्यालं समदे पयलं वाचत्यात."

तेवढ्यात मला ती मुलगी दिसली. झाडाच्या पारावर, बाळ दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंशेजारी. अंगानं बारीक, वेणी घट्ट घातलेली, मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. तिनं बोर्ड वाचला होता हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. ती आता बोर्डाकडे बघत नव्हती, फाटकाकडे बघत होती. मला रडू फुटलं. माझ्या हौसेपायी, एका लाल रेघेपायी, त्या पोरीचं आयुष्य चाळीस माणसांच्या तोंडी जाणार होतं.

"रडू नका," चाचा म्हणाले. "इच्यार करू द्या." मग त्यांनी फळ्याकडे बघितलं, खळीच्या डब्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं की मला आधी वाटलं यांना चक्कर येतेय. "मानसानं फाडला तर गुन्हा," ते पुन्हा म्हणाले. "जनावरानं खाल्ला तर?"

"तर काय?"

"ब्यान्नव साली गाईनं लिलावाची नोटीस खाल्ली. पोतनीससाहेबांनीच नियम काढून दावला. फाटला, भिजला, जनावरानं खाल्ला, तर दुसरा लावावा. तुमी जावा, दुसरा टाइप करा. चौदा नंबरला फकस्त 'चेंबरमध्ये' लिवा. मी चंपीला आनतो."

मी वर जाऊन बोर्ड टाइप केला. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वेगवान कागद असेल. वगैरेसुद्धा घातले, जिथं जमेल तिथं. दहा मिनिटांत खाली आले, आणि बघते तर चाचा आवारभर शेळीच्या मागे धावत होते.

आठ वर्षं ज्या माणसानं काठी उगारली, त्यानं आज हात पसरून "ये ग माझे बाय, ये" म्हटल्यावर कोणती शहाणी शेळी येईल? चंपी सायकल स्टँडमधून गेली, वकिलांच्या खोलीच्या पायरीवर चढून उतरली, एका अशिलाच्या पिशवीतली मेथी जाता जाता उचलली आणि थेट हौसाक्काच्या बाकड्याखाली जाऊन बसली.

"काय हो बाबालालभाऊ," हौसाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रोज माज्या शेळीला हानाया उटता, आज काय पावनचार मांडलाय?"

"हौसाक्का, तुजी शेळी दे. पंधरा मिन्टं दे."

"कशाला?"

"बोर्ड खायाला."

हौसाक्कानं चाचांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पदरानं डोळे पुसत होते आणि मान हलवत होते. का म्हणून तिनं विचारलं नाही. तिनं चंपीचं शिंग धरलं आणि ओढत फळ्यापाशी आणली. "खा बाई," ती म्हणाली, "आज सरकारी जेवन हाय."

आणि चंपी खाईना. तिनं फळा हुंगला, चाचांकडे तिरकं बघितलं आणि खाली मान घालून स्वस्थ उभी राहिली. तिला यात काहीतरी डाव वाटत असणार. चाचांनी काठी दूर फेकून दिली. हात जोडले. देवाशपथ सांगते, अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या त्या माणसानं शेळीला हात जोडले. तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं, आणि कोपऱ्यातली हरवलेल्या छत्रीची सूचना खाल्ली. मग एक जुनी लिलावाची नोटीस खाल्ली, चवीनं. मग बोर्डाचा वरचा कोपरा धरला आणि एक नंबरपासून सुरुवात केली.

"ही अनुक्रमानं खातेय," मी म्हणाले. "चौदापर्यंत कधी पोचणार?"

घड्याळात अकराला तीन मिनिटं होती. चाचांनी ब्रश खळीत बुडवला आणि चौदाव्या ओळीवर, पोळीवर तूप ओढावं तसा, फासला. "हितनं, हितनं खा," ते गयावया करत होते. त्या आवाजात गयावया म्हणजे केवढी, ते सगळ्या आवाराला ऐकू येत होतं. पण आमच्या पाठी आड असल्यामुळे सगळ्यांना, वरच्या पोतनीसांनाही, वाटलं चाचा नेहमीप्रमाणे शेळीशी भांडतायत.

फाटकाबाहेर टेंपोचा हॉर्न वाजला.

चंपीनं खळ चाटली. पुन्हा चाटली. मग ओल्या कागदाची कड दातात धरून एक हिसका दिला. त्या पोरीचं नाव गेलं. वडिलांचं नाव गेलं. गाव गेलं. चंपी शांतपणे चघळत होती आणि तिच्या ओठातून एक पट्टी लोंबत होती, त्यावर लाल रेघेसकट 'अविवाहित' एवढंच उरलं होतं.

मागे कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं तर ती पारावरून उठून आमच्या मागे येऊन उभी होती. तिचं आख्खं नाव शेळीच्या पोटात जाताना तिनं बघितलं होतं, आणि ती हसत होती. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग वाकून, गुडघ्यावर हात टेकून. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसू थांबत नाही. तिचं बघून मला हसू आलं, मला बघून हौसाक्काला. 'अविवाहित' आत गेलं तेव्हा आम्ही तिघी एकमेकींच्या खांद्याला धरून उभ्या होतो.

"हसताय काय!" चाचा ओरडले. "आत न्या तिला!"

टेंपोचं मागचं फळकूट धाडकन पडलं आणि माणसं उतरायला लागली. तेव्हा चाचांनी काठी उचलली आणि छाती भरून घेतली. "हाऽऽड! हाऽऽड! कोर्टाचा बोर्ड खाल्ला! धरा तिला!" असा पुकारा त्या कोर्टानं ना आधी ऐकला होता ना नंतर. चंपी उधळली, चाचा मागे, पोतनीस बशी घेऊन खिडकीतून अर्धे बाहेर, वकील खोलीतून बाहेर, आणि बांधासाठी एकमेकांची डोकी फोडायला निघालेली चाळीस माणसं एकजुटीनं शेळीच्या मागे लागली. आवारातल्या एकूण एक माणसाची पाठ आमच्याकडे होती. मी तिचा हात धरला आणि मागच्या दारानं, रेकॉर्ड रूममधून, तिला वर नेलं.

साहेब आले तेव्हा फळ्यावर अर्धा बोर्ड लोंबत होता. त्यांनी तो जाता जाता बघितला. मी नवा बोर्ड पुढे केला. या खेपेला त्यांनी ओळ न् ओळ वाचली, चौदा नंबरवर बोट ठेवलं आणि सही केली.

बारा वाजता चौदा नंबर निघाला. पुकारा तर द्यायला हवा, आणि नाव तर घ्यायचं नाही. चाचा रेकॉर्ड रूमच्या दारात आले. ती फायलींच्या मधे एका स्टुलावर बसली होती. चाचा तिच्यापुढे वाकले आणि म्हणाले, "चल बाय. साहेबांनी बोलावलंय."

मी दोन हात अंतरावर उभी होते आणि मला ते जेमतेम ऐकू आलं. एवढा हळू आवाज त्या घशात होता, हे मला माहीतच नव्हतं. बहुतेक त्यांनाही नसावं.

आत काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही. ते दाराआडचं आहे. बाहेर येताना बाळ घेणाऱ्या बाईंच्या खांद्यावर पिवळ्या लोकरी टोपड्यातलं बाळ झोपलेलं होतं, त्यांच्या नवऱ्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, आणि ती मुलगी मागच्या दारानं संस्थेच्या बाईंबरोबर निघून गेली. जाताना तिनं, हौसाक्कानं धरपकडीनंतर मागच्या दारापाशी आणून बांधलेल्या चंपीच्या मानेवरून हात फिरवला.

पाच वाजता चाचांना मेमो मिळाला. नोटीस बोर्डाच्या रक्षणात हलगर्जीपणा, लेखी खुलासा सादर करावा, खाली पोतनीस. अठ्ठावीस वर्षांत चाचांना एकही मेमो नव्हता, आणि ते हे लग्नकार्यातसुद्धा लोकांना सांगत.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मी लिहून देते, चाचा. चूक माझी आहे."

"काय लिवून देनार?"

"की बोर्ड मी चुकीचा टाइप केला."

"काय चुकलं हुतं, इचारतील. मग ते लिवायला लागंल. ते लिवलं की ते नाव आलंच की कागदावर. मग कशाला खायला घातलं शेळीला?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बसा," ते म्हणाले. "मी लिवतो माजं मी."

त्यांनी अर्धा तास घेऊन, जीभ दातात धरून, खुलासा लिहिला. दोनच वाक्यं होती. 'शेळीने बोर्ड खाल्ला. मी बघत होतो.'

"अहो चाचा, यानं तर तुम्ही जास्तच अडकता!"

"खरं हाय का न्हाई? कोर्टात खोटं लिवायचं न्हाई, बाई."

कागद साहेबांकडे गेला. त्यानंतर काहीच आलं नाही. शिक्षा नाही, माफी नाही. साहेबांची पुढच्या महिन्यात बदली झाली. चाचा सहा वर्षांनी निवृत्त झाले, आणि निरोपाच्या भाषणात म्हणाले, "चौतीस वर्षांत येकच मेमो, तोबी शेळीपायी." सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही. तो डाग माझा होता, आणि त्यांच्या नावावर होता.

गेल्या वर्षी मी त्याच कोर्टात शिरस्तेदार झाले. जुन्या फायली संगणकात घालायच्या होत्या, म्हणून कपाटं उघडली. तिसऱ्या कपाटात चाचांची फाईल सापडली. त्यात तो मेमो होता. त्यामागे तो खुलासा. आणि खुलाशाच्या समासात, हिरव्या शाईत, साहेबांचा शेरा:

'वाचले. सदर बोर्डावर न वाचता केलेली माझीही सही होती, ती शेळीने खाल्ली याबद्दल मी तिचा ऋणी आहे. शिपायाचा दोष नाही. तरीही शिस्त म्हणून शेळीस समज देण्यात यावी. फाईल बंद.'

मी रेकॉर्ड रूममध्ये, त्याच स्टुलावर बसून, एकटीच हसत सुटले. पोतनीसांनी हा शेरा कुणाला कळवलाच नव्हता. शेळीला समज द्यायची ती कुठल्या नमुन्यात, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नसावं. आमची नवी कारकून धावत आली. "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही, गोपनीय आहे."

पण चाचांची माहिती चाचांना सांगायला कोण आडवं येणार? मी तिथूनच फोन लावला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, लेकीकडे असतात. ऐकायला कमी येतं, म्हणून मला शेरा ओरडून वाचावा लागला. तीनदा.

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि मग तोच जुना आवाज आला, असा की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अवो बाई, म्हंजे साहेबांची आर्डर पाळायची ऱ्हायलीच की! चंपीच्या पोरीबाळी असतील न्हवं अजून तितं? जावा खाली. समज द्या."

मी खाली गेले. हौसाक्काच्या सुनेच्या बाकड्यापाशी एक तपकिरी शेळी बांधलेली होती. मी तिच्यासमोर उभी राहून आदेशाचं पालन केलं. मग तिला मेथीची एक जुडी घातली.